साथीदार नसलेला बँड : ‘क्रीम’ सव्वादोन वर्षांतच का फुटला?

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या बँडमध्ये नोएल रेडिंग बेस गिटार वाजवायचा आणि मिच मिचेल ड्रम. हेंड्रिक्स १९७० मध्ये गेला, रेडिंग २००३ मध्ये, मिचेल २००८ मध्ये. त्यानंतर इतक्या वर्षांनी या दोघांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांनी सोनी म्युझिकविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. म्हणणं साधं होतं: रेकॉर्डवर वाजवलं तिघांनी, मग वाटा तिघांचा का नाही? सोनीचं उत्तरही तितकंच साधं: दोघांनी सत्तरच्या दशकात पैसे घेऊन हक्क सोडून दिले होते.

अशा बातम्या वाचताना आपलं घोडं नेहमी एकाच जागी अडतं. बँड म्हणजे नक्की कोण? गाणी कुणाची, पैसा कुणाचा, आणि ‘आता बस’ असं म्हणायचा अधिकार कुणाचा? हेंड्रिक्सच्या बँडवरून हे नीट कळत नाही, कारण तिथे एका माणसाचं नाव बँडच्या नावातच होतं. त्यापेक्षा हेंड्रिक्सचा बँड जमला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्याच लंडनमध्ये जमलेल्या दुसऱ्या एका त्रिकुटाकडे बघावं. एरिक क्लॅप्टन गिटारवर, जॅक ब्रूस बेसवर आणि गायला, जिंजर बेकर ड्रमवर. बँडचं नाव ‘क्रीम’. आपल्या गावातली साय आपणच, असा त्याचा सरळ अर्थ, आणि तिघांनाही तो मनापासून मान्य होता.

जुलै १९६६ मध्ये पहिला कार्यक्रम, २६ नोव्हेंबर १९६८ ला निरोपाचा. चार अल्बम, त्यातला चौथा बँड मोडल्यावर बाजारात आला. तिसरा अमेरिकेत पहिल्या नंबरवर होता, तेव्हा बँड मोडल्याची घोषणा झालेली होती. असं कोण करतं?

‘भांडले आणि फुटले’ हे ठरलेलं उत्तर. भांडणं होतीच, चिक्कार होती. पण ज्या गोष्टींमुळे क्रीमचं संगीत तसं झालं, त्याच गोष्टींनी बँड मोडला, असं माझं मत आहे. भांडण त्यांच्या पोटातून आलं.

## आधी ‘हार्ड रॉक’ म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज हे त्याचं मूळ. चार-चार मात्रांच्या बारा खंडांची मोजकी चौकट, तीन कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचे गट), आणि त्यावर गायक-वादकाची आळवणी. साठच्या दशकात लंडनची तरुण पोरं या रेकॉर्डच्या मागे वेडी झाली होती. त्यांनी ब्लूजमधला एक भाग उचलून मोठा केला: रिफ. गाण्याच्या सुरुवातीला येणारी आणि पुन्हा पुन्हा परतणारी छोटी, ठसठशीत सुरावट म्हणजे रिफ. हार्ड रॉकमध्ये गाणं त्या रिफवर उभं असतं.

दुसरी गोष्ट, फाटलेला आवाज. गणपतीच्या मांडवात भोंगा पूर्ण क्षमतेवर लावला की आवाज नुसता वाढत नाही, तो चिरतो, खरखरतो. कारण यंत्राला जेवढं पेलवतं त्याच्यावर गेलं की ध्वनिलहरीची टोकं छाटली जातात, आणि मूळ सुरात नव्हते असे वरचे सूर त्यात मिसळतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात. मांडवात तो दोष ठरतो. गिटारच्या व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरमध्ये मात्र त्यातून एक विलक्षण फायदा होतो. एरवी गिटारची तार छेडली की सूर लगेच मावळू लागतो. डिस्टॉर्शनमध्ये मोठा आणि लहान आवाज जवळजवळ एका पातळीवर येतात, त्यामुळे सूर टिकतो. व्हायोलिनसारखा लांबवता येतो, गळ्यासारखा वळवता येतो. ही सोय नसती तर गिटारचा दहा-दहा मिनिटांचा सोलो कुणी ऐकला नसता.

पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. गृहस्थ स्वतः ड्रम शिकवणारे. वर उल्लेख केलेला मिच मिचेल त्यांच्याच हाताखालचा. मोठे अँप्लिफायर बनवा म्हणून गिटारवाले मागे लागले, तेव्हा त्यांनी आधी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या अँप्लिफायरच्या धर्तीवर एक बनवला, मग १९६५ च्या सुमारास १०० वॉटचा, चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक रचून. माणसाच्या उंचीची भिंतच.

क्लॅप्टननं क्रीमच्या आधी, १९६६ मध्ये, जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एक अल्बम केला. डेक्काच्या स्टुडिओत तो मार्शल पूर्ण आवाजात लावून बसला. ध्वनिमुद्रक गस डजननं आवाज कमी करायला सांगितला, हा ऐकेना. कमी केलं की तो सूर मिळतच नाही, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी मायक्रोफोन दूर सरकवले गेले. स्टुडिओत वादक आणि यंत्रवाला यांच्यातली ही छोटी ओढाताण हार्ड रॉकच्या जन्माचा एक क्षण आहे असं मी धरतो.

## तिघं एकत्र आले कसे?

ब्रूस आणि बेकर यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य जुनं. दोघं ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये होते. (त्याच बँडमध्ये काही काळ जॉन मॅक्लॉफ्लिन नावाचा गिटारवादक होता. दहा-बारा वर्षांनी त्यानं आपल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ काढला.) बेकरला वाटे की ब्रूस बेसवर फार नोटा वाजवतो, ड्रमच्या अंगावर येतो. ब्रूसनं नंतर सांगितल्याप्रमाणे एकदा स्टेजवरच बेकरनं त्याच्या डोक्यावर काठ्या फेकून मारल्या आणि ब्रूसनं आपला उभा डबल बेस उचलून ड्रमवर टाकला. पुढे बेकरनं त्याला बँडमधून काढलं. तरी हा कार्यक्रमांना येतच राहिला, तेव्हा बेकरनं चाकू दाखवला.

आणि त्याच बेकरनं नवीन बँडची कल्पना क्लॅप्टनपुढे मांडली. ऑक्सफर्डचा एक कार्यक्रम आटोपून आपल्या नव्या रोव्हर गाडीतून तो क्लॅप्टनला लंडनला सोडत होता. क्लॅप्टन म्हणाला, येतो, पण बेसवर जॅक ब्रूस हवा. क्लॅप्टनच्या सांगण्यानुसार हे ऐकून गाडी रस्ता सोडता सोडता वाचली. तरी बेकर ब्रूसच्या घरी गेला आणि तह झाला.

तो का गेला, हे पाहिलं पाहिजे. ब्रूस ग्लासगोजवळचा. संगीत अकादमीत चेलो आणि रचनाशास्त्र शिकलेला, पण जाझ वाजवतो म्हणून तिथल्यांच्या नजरेत खुपलेला. बेकर लंडनच्या लुइशॅमचा. जाझ ड्रमर फिल सीमननं त्याला आफ्रिकन तालांच्या रेकॉर्ड ऐकवल्या आणि हा माणूस आयुष्यभरासाठी बदलला. हे दोघं एकमेकांना सहन करत नव्हते, पण एकमेकांसारखा दुसरा त्या शहरात नाही हेही दोघांना पक्कं माहीत होतं. क्लॅप्टन त्यांच्यात धाकटा, एकवीस वर्षांचा, आणि लंडनच्या भिंतींवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं रंगवलं जात होतं. त्याला अमेरिकन गिटारवादक बडी गाय याच्यासारखं ब्लूजचं त्रिकूट हवं होतं, पुढे स्वतः उभा राहून. त्याला तसं मिळालं नाही.

२९ जुलै १९६६ ला मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात रंगीत तालीम, ३१ जुलैला विंडसरच्या जाझ-ब्लूज महोत्सवात जाहीर पदार्पण. मधल्या ३० जुलैला इंग्लंडनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या आठवड्यात इंग्रजांना काही अशक्य वाटत नसावं.

## साथीला कोण? कोणीच नाही

ख्यालाच्या मैफलीत मुख्य कलाकार एक असतो. तबला-पेटीवाले कितीही मोठे असले तरी बैठकीत जागा कुणाची, हे ठरलेलं असतं. नेहमीच्या रॉक बँडमध्येही गायक आणि गिटारवाला पुढे, बेस आणि ड्रम पाठीमागून आधार देणारे. शिवाय दुसरा गिटारवाला किंवा कीबोर्ड असतो, जो कॉर्ड धरून ठेवतो. त्याच्या जिवावर बाकीच्यांनी भटकावं.

क्रीममध्ये हा धरून ठेवणारा कुणी नव्हता. गिटार, बेस, ड्रम, बस्स. याला पुढे ‘पॉवर ट्रिओ’ म्हणू लागले. क्लॅप्टन सोलो घेऊ लागला की खाली कॉर्डची जागा रिकामी होते. ती भरायला ब्रूस बेसवर दुसरी सुरावटच वाजवी, आणि बेकर दोन-दोन बास ड्रम घेऊन तिसरी. म्हणजे एकाच वेळी तिघंही सोलो. जाझमध्ये हे चालायचं. ब्लूज-रॉकच्या ठोकळ्यावर आणि इतक्या मोठ्या आवाजात असं कुणी केलं नव्हतं. क्लॅप्टनच्या नकळत आम्ही त्याला जाझवाला करून टाकलं, अशा अर्थाचं ब्रूस मिश्किलपणे म्हणत असे.

ऑगस्ट १९६७ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात वाजवायला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका जत्रावजा शोमध्ये त्यांना दिवसातून अनेक खेळ करावे लागले होते, प्रत्येक खेळात एखाद-दुसरं गाणं. फिलमोरचे बिल ग्रॅहम म्हणाले, वाटेल तेवढं वाजवा. प्रेक्षक जमिनीवर बसलेले, कुणाला घाई नाही. तीन मिनिटांचं गाणं पंधरा मिनिटांवर गेलं. ‘स्पूनफुल’ची मार्च १९६८ मध्ये मुद्रित झालेली आवृत्ती सोळा मिनिटांच्या वर आहे, बेकरचा ड्रमचा ‘टोड’ तेवढाच. चांगल्या रात्री हा प्रकार अंगावर काटा आणतो. वाईट रात्री तीन माणसं तीन खोल्यांत सराव करताहेत असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर उपलब्ध मुद्रणांत दोन्ही प्रकारच्या रात्री आहेत.

स्टुडिओत मात्र हीच मंडळी कमालीची शिस्तीत असत. मे १९६७ मध्ये व्हिसा संपायला आलेला असताना न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत मोजक्या दिवसांत त्यांनी दुसरा अल्बम उरकला. निर्माता फेलिक्स पापालार्डी, ध्वनिमुद्रक टॉम डाउड. ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’ त्यातलंच.

ते गाणं एकदा कान देऊन ऐका. ब्रूसनं रचलेली दहा सुरांची रिफ, जानेवारीत लंडनच्या सॅव्हिल थिएटरात हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर सुचलेली. ती आधी वर रेंगाळते, मग पायऱ्या उतरून खाली येते. रॉकमध्ये ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. इथे बेकर जोर पहिल्या आणि तिसऱ्यावर देतो, तोही मुख्यतः टॉमटॉम या घुमणाऱ्या ड्रमवर. त्यामुळे गाणं पळत नाही, जड पावलांनी चालत येतं. क्लॅप्टनच्या सोलोची पहिली ओळ ‘ब्लू मून’ या जुन्या अमेरिकन गाण्याची चाल आहे. शब्द कवी पीट ब्राउनचे. खरं तर ब्राउनला बेकरनं आपल्यासाठी आणलं होतं, पण त्याची तार जुळली ब्रूसशी. ही बाब लक्षात ठेवा, पैशांच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

## आवाज एवढा महत्त्वाचा कसा?

अँप्लिफायरचे वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो असं आपल्याला वाटतं. होत नाही. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि वॉट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात, कानाला किंचित फरक कळेल एवढे. ऐकणाऱ्याला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. म्हणून एकानं एक पेटी वाढवली की दुसऱ्याचं समाधान दुसऱ्या पेटीनं होत नाही. चढाओढ लागली की ती थांबायचं नाव घेत नाही.

क्लॅप्टन आणि ब्रूस दोघांकडे १०० वॉटचे मार्शल, एकेकाकडे एकाहून जास्त. बेकरकडे काय? दोन हात, दोन पाय. तेव्हा ड्रमला बहुधा माइक नसत किंवा नावापुरते असत. आज स्टेजवर कलाकाराच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून छोटे स्पीकर ठेवतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. त्यांतून स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. तेही त्या काळी नव्हते. त्यामुळे मधोमध बसलेल्या बेकरवर दोन्ही बाजूंच्या भिंती कोसळायच्या आणि त्याला स्वतःचा ड्रम ऐकू यायचा नाही. मग तो आणखी जोरात मारणार, आणि त्याच्या वर निघायला ते दोघं नॉब फिरवणार.

नायॉश या अमेरिकन कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. या हिशोबानं १०० डेसिबलला मुभा फक्त पंधरा मिनिटांची. बेकर शेवटपर्यंत सांगत राहिला की त्या दौऱ्यांनी त्याचे कान गेले. क्लॅप्टनच्या कानातही पुढे कायमची शिट्टी राहिली.

त्यातला सगळ्यात बोलका किस्सा क्लॅप्टनचा. एका कार्यक्रमात मध्येच त्यानं वाजवणं थांबवलं. बाकी दोघांच्या लक्षातही आलं नाही, ते वाजवतच राहिले. एकमेकांचं ऐकून उत्तर देणं, हाच ज्या संगीताचा प्राण, तिथे ऐकूच येईनासं झालं. पेच असा की ऐकू न येण्याचं कारण आणि त्या संगीताची ताकद एकच होती: त्या भिंती. त्या काढल्या तर क्रीम उरत नाही.

## पण मुळात ते भांडखोर होते, एवढंच नाही का?

भांडखोर बँड खूप आहेत आणि पन्नास-पन्नास वर्षं चाललेले आहेत. भांडण पेलायला काहीतरी मध्ये लागतं: एखादा शांत चौथा माणूस, सुट्टी, किंवा खमका मॅनेजर. क्रीममध्ये चौथा नव्हता. दोघांचं बिनसलं की तिसरा आपोआप पंच होई, आणि तो पंच क्लॅप्टन. त्याला ते अजिबात जमत नव्हतं. दोघांच्या ओरडण्यानं तो रडकुंडीला येई, असं तोच सांगतो.

सुट्टी तर नव्हतीच. मॅनेजर रॉबर्ट स्टिगवुड यांना अमेरिकेतली मागणी दिसत होती आणि तिघंही नको म्हणत नव्हते. फेब्रुवारी १९६८ मध्ये सुरू झालेला अमेरिकेचा दौरा जूनपर्यंत चालला. शेवटी शेवटी तिघं वेगवेगळ्या हॉटेलांत उतरत, भेटत ते थेट स्टेजवर.

त्यातच मे महिन्यात ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत नियतकालिकात जॉन लँडाऊ यांची समीक्षा आली. क्लॅप्टन म्हणजे ब्लूजच्या घोटून गुळगुळीत झालेल्या जागांचा उस्ताद, असा तिचा सूर. एरवी कुणी हसून सोडून दिलं असतं. याला भोवळ आली, कारण मनात तेच चाललं होतं. पुढे ‘द बँड’ या मंडळींचा पहिला अल्बम त्याच्या हाती लागला. पाच जण, साधी गाणी, कुणीही कुणावर कुरघोडी करत नाही, सोलो जवळजवळ नाहीतच. तो अल्बम ऐकून क्रीम कालबाह्य झाल्याचं त्याला वाटलं. जुलैमध्ये घोषणा झाली.

माझ्या मते इथे लँडाऊंचा दोष नाही. त्यांनी एका रात्रीचं वाजवणं ऐकलं आणि बरोबर ऐकलं.

## आणि ड्रग्ज?

बेकर हेरॉइनच्या फेऱ्यात क्रीमच्या आधीपासून होता, अधूनमधून सुटायचा, पुन्हा अडकायचा. त्यानं त्याचा स्वभाव सुधारला नाही हे उघड आहे. पण क्लॅप्टनचं हेरॉइनचं गंभीर व्यसन १९७० नंतरचं, म्हणजे बँड मोडून गेल्यावरचं. तेव्हा सगळं खापर ड्रग्जवर फोडता येत नाही.

## पैसा कुणाला मिळाला?

रेकॉर्डच्या एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक, गाणं रचल्याचा: शब्द आणि चाल. दुसरा, ते गाणं अमुक दिवशी अमुक लोकांनी वाजवून मुद्रित केल्याचा. दुसऱ्यातले पैसे रेकॉर्ड कंपनीकडून करारानुसार वादकांना मिळतात, आणि क्रीममध्ये ते तिघांचे. पहिल्यातले पैसे मात्र ज्याचं नाव रचनाकार म्हणून छापलं आहे त्यालाच, आणि गाणं जिथे जिथे वाजेल, दुसरं कुणी गाईल, जाहिरातीत वापरेल, तिथे तिथे.

‘सनशाइन’वर नावं ब्रूस, ब्राउन, क्लॅप्टन. क्रीमच्याच ‘व्हाइट रूम’ या गाण्यावर ब्रूस आणि ब्राउन. बेकर कुठेच नाही. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं लागलं तर पैसे रचनाकाराला मिळतात, वादकाला छदामही नाही. तिथला कायदाच तसा आहे. तेव्हा ‘व्हाइट रूम’ अमेरिकेच्या रेडिओवर हजारो वेळा वाजलं, तर ज्याला कवी म्हणून बेकरनंच आणलं होतं तो ब्राउन कमावणार, आणि बेकर कोरडाच.

बेकरचं म्हणणं असं होतं की ‘सनशाइन’ची लय खाली आणून तो ठोका त्यानं दिला, आणि ‘व्हाइट रूम’च्या सुरुवातीची पाच मात्रांची चाल त्याची. (‘सनशाइन’च्या ठोक्याचं श्रेय टॉम डाउडही स्वतःकडे घेत.) कुणाचं खरं हे बाजूला ठेवा. त्या दोन गाण्यांतून हे ठोके काढून टाका आणि काय उरतं ते ऐका. पण कायद्याच्या जुन्या समजुतीनुसार रचना म्हणजे चाल आणि शब्द. ताल, लय, वाजवण्याची ढब हे ‘वाजवणं’ झालं.

म्हणजे वादकाला दाद मागता येतच नाही का? येते, पण उशिरा आणि कष्टानं. ‘प्रोकॉल हारम’ या बँडच्या १९६७ च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’मधला ऑर्गनचा तुकडा मॅथ्यू फिशरचा. त्यानं २००५ मध्ये दावा लावला. २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याचा ४० टक्के वाटा कायम केला. मात्र पैसे दावा लावल्यापासूनचे, आधीच्या अडतीस वर्षांचे नाहीत. शिवाय ती ऐकू येणारी, गुणगुणता येणारी चाल होती. ड्रमच्या ठोक्यासाठी हे सिद्ध करणं फार अवघड. आपल्याकडे जावेद अख्तर यांनी राज्यसभेत किल्ला लढवला तो याच मुलखात. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क करारात लिहून घेऊनही काढता येत नाही, आणि सादर करणाऱ्या कलाकाराचाही रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. बेस आणि ड्रमवाल्यांनी आपापल्या आशा त्यावर किती ठेवाव्यात हा वेगळा विषय.

हाच नियम दुसऱ्या बाजूनंही चालतो, आणि तिथे तो चांगला दिसतो. क्रीमनं पहिल्या अल्बममध्ये ‘आय एम सो ग्लॅड’ घेतलं. ते स्किप जेम्स या मिसिसिपीच्या ब्लूजवाल्याचं, १९३१ मध्ये मुद्रित झालेलं. जेम्स तेव्हा हयात होता, कॅन्सरनं आजारी होता. लंडनच्या कित्येकांनी जुनी ब्लूज उचलून त्यांवर स्वतःची नावं टाकली. इथे रेकॉर्डवर जेम्सचं नाव छापलं गेलं, आणि क्रीमच्या खपातून आलेल्या रॉयल्टीचा त्याला दवाखान्याच्या खर्चात आधार झाला. १९६९ मध्ये तो गेला.

बेकरचा राग म्हणून केवळ स्वभावाचा नव्हता. स्टेजवर तिघं समान, कागदावर नाहीत. दर सहा महिन्यांनी येणारा चेक हे आठवण करून देत राहिला, ब्रूस मरेपर्यंत.

## मग पहिला हार्ड रॉक बँड हाच का?

असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी जरूर भांडा. १९६४ मध्ये ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरून फाटका आवाज काढला होता. ‘हू’ होते, यार्डबर्ड्स होते. सॅन फ्रान्सिस्कोचे ‘ब्लू चीअर’ कदाचित क्रीमपेक्षा जास्त कर्कश होते. हेंड्रिक्स तर १ ऑक्टोबर १९६६ ला, लंडनला उतरून आठवडाच झाला असताना, क्रीमच्या कार्यक्रमात स्टेजवर चढला आणि ‘किलिंग फ्लोअर’ वाजवून क्लॅप्टनला घाम फोडून गेला.

क्रीमचं वेगळेपण इतकंच की त्यांनी साचा दिला: जड रिफ, तिघांचा संच, लांब सोलो, अमेरिकेची मोठी सभागृहं. ‘ब्लॅक सॅबथ’चा गीझर बटलर जॅक ब्रूसला पाहून बेसकडे वळला. क्रीम संपले आणि महिन्याभरात ‘लेड झेपलिन’ अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघाले. बाजार तयार होता. झेपलिनमध्ये मात्र बँड कुणाचा याबद्दल संशय नव्हता, जिमी पेजचा.

## २००५ मध्ये परत एकत्र आले, ते कसं?

मे २००५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, जिथे १९६८ मध्ये निरोप घेतला होता तिथेच, चार रात्री. ब्रूसचं दोन वर्षांपूर्वी यकृत बदललेलं, बेकरला सांधेदुखी. क्लॅप्टननं मार्शलच्या भिंती आणल्या नाहीत. फेंडरची गिटार आणि फेंडरचेच लहान अँप्लिफायर. गाणी आटोपशीर. तिघंही एकमेकांकडे बघून वाजवत होते, आणि मुद्रणात बेकरचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. कित्येक जुन्या चाहत्यांना ते मिळमिळीत वाटलं. मला नाही वाटलं, पण ते क्रीम नव्हतं हे मान्य करायला हवं.

ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री ठरल्या. सभागृह मोठं, तालीम कमी. ब्रूसनं बेसचा आवाज वाढवला. बेकरनं त्यावरून स्टेजवरच आवाज चढवला, आणि त्यानंतर तिघांनी मिळून क्रीम म्हणून पुन्हा कार्यक्रम केला नाही.